मनाची उदासी आणि पेशीची उघाडी

मानसोपचारतज्ज्ञाकडे पेशंटला घेऊन येणारे नातेवाईक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, याच्या मेंदूतले सेरोटोनिन कमी झाले आहे ना?" पूर्वी हेच नातेवाईक "याने जरा मन घट्ट करायला हवे" असे म्हणत. त्या मानाने सेरोटोनिनचा प्रश्न कितीतरी बरा, कारण त्यात पेशंटला दोष दिलेला नसतो. पण हिमोग्लोबिन कमी झाले आणि लोहाच्या गोळ्यांनी भरून काढले, तसा हा हिशोब सरळ नाही. रक्त तपासून नैराश्याचे निदान होत नाही. २०२२ साली 'मॉलिक्युलर सायकिअॅट्री' या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्याने तर स्पष्टच म्हटले की, सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येते या समजुतीला भक्कम पुरावा नाही. ती बातमी वाचून "मग गोळ्या कशाला?" असा सूरही निघाला. हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. औषध कसे काम करते याचे जुने स्पष्टीकरण अपुरे ठरले, म्हणून औषधाचा गुण खोटा ठरत नाही.

मग नैराश्यात मेंदूत नेमके काय बदलते? याचे संपूर्ण उत्तर कोणाकडेच नाही. पण गेल्या पंचवीस वर्षांत संशोधकांची नजर एका नव्या जागी वळली आहे. ती जागा म्हणजे मज्जापेशींच्या पातळ आवरणात असलेली अतिसूक्ष्म दारे. शास्त्रज्ञ त्यांना 'आयन चॅनल' म्हणतात, आपण आयनमार्गिका म्हणू. शब्द जड वाटला तरी घाबरू नका, गोष्ट दाराचीच आहे.

ही गोष्ट सांगण्यासाठी वाचकांना मुंबईच्या हार्बर लाईनवर, रे रोड आणि शिवडी यांच्यामध्ये असलेल्या कॉटन ग्रीन स्टेशनावर न्यायचे आहे. आपल्याकडच्या कितीतरी घरांतला एखादा तरी माणूस गिरणीच्या किंवा गोदीच्या नोकरीसाठी या भागात राहून आला आहे. कुलाब्याचा कापूस बाजार विसाव्या शतकात इकडे हलला आणि 'ग्रीन', म्हणजे कापसाच्या गाठी ठेवण्याचे मोकळे मैदान, हे नावही त्याच्याबरोबर आले. आज तिथे कापसापेक्षा वखारींचे पत्रे जास्त दिसतात. पण याच स्टेशनापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत एका बाजूला परळचे केईएम रुग्णालय आहे आणि दुसऱ्या बाजूला शिवडीचे क्षयरोग रुग्णालय. नैराश्यावरील औषधांच्या इतिहासातील एक धागा परळमधून निघतो. दुसरा निघतो क्षयाच्या औषधांतून, आणि ती औषधे शिवडीत आजही रोज दिली जातात.

परळची मुळी

केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. तिथले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीपासून केलेल्या गोळ्या दिल्या आणि त्याचे निष्कर्ष १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. सर्पगंधा आपल्या वैद्यांना जुनी. झोप न लागणे, डोके भडकणे, वेड लागणे यांवर ती दिली जात असे. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीही तिच्याविषयी लिहिले होते. पण जगाचे लक्ष वेधले ते वकिलांच्या लेखाने. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून 'रेसर्पिन' हे द्रव्य वेगळे काढले, आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिनने रक्तदाब उतरत असे. पण औषध चालू झाल्यावर काही रुग्ण खिन्न होऊ लागले. त्यांना कशातच रस वाटेना, पहाटेच जाग येई, रडू येई. औषध बंद केले की बहुतेक जण सावरत. पुढे असे दिसले की रेसर्पिन मेंदूतील सेरोटोनिन आणि तत्सम रसायनांचे साठे रिकामे करते. तर्क सरळ होता. साठे रिकामे झाले म्हणून माणूस खिन्न झाला.

त्याच सुमारास, १९५२ साली, न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू या क्षयरोग रुग्णालयात उलटी गोष्ट घडत होती. आपल्या शिवडीसारखेच तेही क्षयरोग्यांचे मोठे रुग्णालय. इप्रोनियाझिड हे क्षयावरचे नवे औषध दिल्यावर खंगलेली माणसे केवळ वजनानेच वाढली नाहीत, तर हसू-बोलू लागली. हे औषध सेरोटोनिनसारखी रसायने मोडून टाकणाऱ्या विकराला अडवते. साठे वाढले म्हणून माणूस प्रसन्न झाला, असा त्याचा अर्थ लावला गेला. या दोन टोकांमधून नैराश्याचा 'रासायनिक कमतरता' सिद्धांत उभा राहिला, आणि त्याच वाटेने पुढे फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या आजच्या गोळ्या आल्या. (इप्रोनियाझिड स्वतः यकृताला अपाय करते म्हणून मागे पडले. रेसर्पिनने खरेच किती जणांना नैराश्य येत असे, यावरही नंतर वाद झाले.)

सिद्धांत सुटसुटीत होता, पण एक काटा त्यात पहिल्यापासून रुतलेला होता. गोळी घेतल्यावर सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत होतो. मन मात्र दोन ते सहा आठवड्यांनी उचल खाते. साठा भरला तर मन लगेच का भरत नाही? आणि पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे रुग्ण साधारण एक तृतीयांशच का? म्हणजे रसायनाच्या पलीकडे, खुद्द पेशीत काहीतरी घडायला वेळ लागत असला पाहिजे.

खाडीच्या बंधाऱ्यासारखी पेशी

कोकणातल्या वाचकांनी खाडीकाठची खारजमीन पाहिलेली असते. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बंधारा घालतात आणि त्यात एक झडप ठेवतात. तिला 'उघाडी' म्हणतात. भरतीचे पाणी बाहेरून रेटले की झडप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. कोणी माणूस तिथे उभा राहून दार लावत नाही, पाण्याचा दाबच दार चालवतो.

मज्जापेशीची रचना बरीचशी अशीच आहे. पेशीच्या बाहेरचे पाणी खारट, म्हणजे सोडियमने भरलेले. आत पोटॅशियमचा भरणा. हा फरक टिकवण्यासाठी पेशीच्या आवरणातील पंप अहोरात्र चालू असतो. तो दर फेऱ्यात सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत ओढतो. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतील सुमारे वीस टक्के वाटा तो खातो, तो बराचसा असल्या कामांपायी. या फरकामुळे पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण विद्युतभार राहतो. हे कण विद्युतभारित असतात, म्हणूनच त्यांना आयन म्हणतात. निरोप आला की सोडियमची दारे खाडकन उघडतात, खारे पाणी शिरावे तसा सोडियम आत घुसतो, आणि हजारांश सेकंदात पोटॅशियमची दारे उघडून सर्व पूर्ववत होते. ही एक ठिणगी झाली. विचार, आठवण, भूक, रडू, सारे या ठिणग्यांवर चालते.

हे कोडे उलगडले ते माकूळ या मासळीमुळे. भाऊच्या धक्क्यावर टोपलीत दिसणारा हा प्राणी. त्याच्या अंगात एक मज्जातंतू इतका जाड असतो की नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली या इंग्रज शास्त्रज्ञांनी त्याच तंतूत तार घालून १९५२ साली या ठिणगीचे गणित मांडले. त्याबद्दल त्यांना १९६३ चे नोबेल मिळाले. पुढे जर्मनीत एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी १९७६ मध्ये एकाच दारातून जाणारा प्रवाह मोजून दाखवला (नोबेल १९९१), आणि अमेरिकेत रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये पोटॅशियमच्या दाराची प्रत्यक्ष आकृती मिळवली (नोबेल २००३). असे एक दार सेकंदाला लक्षावधी कण जाऊ देते आणि तरीही पोटॅशियमच्या दारातून सोडियम जाऊ देत नाही. इतका चोख द्वारपाल कुठल्या मंत्रालयातही सापडणार नाही.

काही दारे विजेच्या दाबाने उघडतात, काही किल्लीने. सेरोटोनिन, ग्लुटामेट वगैरे रसायने म्हणजे किल्ल्या. इतकी वर्षे आपण किल्ल्या मोजत होतो. दारे गंजली आहेत का, नको तिथे उघडी पडली आहेत का, याकडे लक्ष उशिरा गेले.

शिवडीच्या वॉर्डातली गोळी

आता कॉटन ग्रीनहून शिवडीकडे वळू. शिवडीचे महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय आशियातील मोठ्या क्षयरोग रुग्णालयांत गणले जाते, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण दूरदूरहून तिथे येतात. अशा क्षयाच्या लांब पल्ल्याच्या, म्हणजे दीड वर्षाच्या आसपास चालणाऱ्या उपचारात सायक्लोसेरीन नावाची एक कॅप्सूल असते. वरच्या साऱ्या शास्त्राचा आणि एखाद्या घरातल्या रोजच्या जगण्याचा संबंध या कॅप्सूलमध्ये येतो, म्हणून तिथे जरा थांबतो.

मेंदूत 'एनएमडीए' नावाचे एक दार आहे. त्याला दोन किल्ल्या लागतात, एक ग्लुटामेटची आणि दुसरी ग्लायसिन किंवा त्याच्या भावंडाची. शिवाय दाराच्या भोकात मॅग्नेशियमचे बूच बसलेले असते. दोन्ही किल्ल्या लागल्या आणि पेशी आधीच थोडी जागी असली, तरच बूच निघते आणि कॅल्शियम आत जाते. नवे शिकणे, आठवण पक्की होणे, पेशीपेशींमधली जोडणी घट्ट होणे, ही कामे या दाराने होतात.

सायक्लोसेरीन क्षयाच्या जंतूची भिंत बांधू देत नाही, हे त्याचे मुख्य काम. पण ते मेंदूतही पोहोचते आणि तिथे एनएमडीएच्या दुसऱ्या कुलपात जाऊन बसते. किल्ली खरी नव्हे, अर्धवट. खरी किल्ली कमी असेल तेव्हा ही अर्धवट किल्ली दार थोडे उघडते. खरी किल्ली भरपूर असेल आणि औषधाची मात्रा मोठी असेल, तर खऱ्या किल्लीची जागा अडवून दार नीट उघडू देत नाही.

याचे फळ चमत्कारिक आहे. जॉर्ज क्रेन या अमेरिकन डॉक्टरांनी १९५९ साली नोंदवले की सायक्लोसेरीन घेणाऱ्या काही क्षयरोग्यांची उदासी ओसरली, भूक आणि झोप सुधारली. त्याच औषधाने इतर कित्येकांना चिडचिड, गोंधळ, भास, खोल नैराश्य आणि जीव नकोसा होण्यापर्यंत नेल्याचीही नोंद आहे. अर्ध्या शतकानंतर, २०१३ साली, इस्राएलमध्ये इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २६ रुग्णांवर सायक्लोसेरीनची मोठी मात्रा चालू औषधाच्या जोडीला देऊन पाहिली गेली, आणि ती घेणाऱ्यांत लक्षणीय सुधारणा दिसली. चाचणी छोटी होती, त्यामुळे हे औषध नैराश्यावर वापरात आलेले नाही. पण एकच दार कोणाला वर काढते, कोणाला खाली नेते, हे यातून दिसले.

समजा, वखारीत हमाली करणारा एक तरुण आहे. त्याला असा क्षय झाला आणि उपचार सुरू झाले. महिन्या-दोन महिन्यांनी खोकला कमी झाला, वजन वाढले, पण माणूस बोलेनासा झाला. रात्र जागून काढतो, बायकोवर खेकसतो, "मी गेलो तर सुटाल" असे पुटपुटतो. घरचे म्हणतात, एवढा आजार, काम गेले, उदास व्हायचाच. हे कारण खोटे नाही. क्षयाच्या रुग्णांत नैराश्य मुळातच जास्त आढळते. पण औषध हेही कारण असू शकते, आणि ते असेल तर त्यावर इलाज हाताशी असतो. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, औषध बदलू शकतात, ब-६ जीवनसत्त्वाची मात्रा पाहू शकतात (ते सायक्लोसेरीनबरोबर दिलेच जाते), मानसोपचारतज्ज्ञाला बोलावू शकतात. अट एकच, त्यांना कळले पाहिजे. पेशंट स्वतः बहुधा सांगत नाही. म्हणून क्षयाची औषधे देणाऱ्या आरोग्यसेवकाला किंवा डॉक्टरला घरच्यांनी सांगावे. पूर्वी कधी मानसिक आजार झाला असेल, फिट्स येत असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दारू चालू असेल, तर उपचार सुरू होण्यापूर्वीच सांगावे. आणि काहीही झाले तरी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. अर्धवट सोडलेला क्षय अधिक चिवट होऊन परततो आणि घरातल्या दुसऱ्यालाही धरतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. २०२४ साली भारताने अशा क्षयासाठी सहा महिन्यांचा नवा उपचारक्रम मंजूर केला. त्यात सायक्लोसेरीन नाही, पण लिनेझोलिड आहे. लिनेझोलिड हे गुणाने इप्रोनियाझिडचे दूरचे नातेवाईक, कारण सेरोटोनिन मोडणाऱ्या विकराला तेही थोडेसे अडवते. फ्लुऑक्सेटिन, एस्सिटालोप्राम यांसारखी गोळी चालू असताना लिनेझोलिड सुरू झाले तर क्वचित थरथर, घाम, ताप, तगमग असा धोक्याचा प्रकार होऊ शकतो. तेव्हा क्षयाच्या डॉक्टरला मनाची गोळी आणि मनाच्या डॉक्टरला क्षयाची गोळी, दोन्ही दाखवणे आवश्यक. लाज वाटते म्हणून मनाच्या आजाराचा केसपेपर घरी ठेवणारे खूप आहेत.

भुलीच्या औषधाचा गाजावाजा

एनएमडीएचे हेच दार आज जगभर चर्चेत आहे ते केटामीनमुळे. १९६२ साली तयार झालेले हे औषध भूल देण्यासाठी आपल्या छोट्या शल्यगृहांतही वर्षानुवर्षे वापरले जाते. ते एनएमडीएच्या भोकात जाऊन अडकते. २००० साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अवघ्या सात रुग्णांना भुलीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत ते शिरेतून दिले आणि काही तासांत त्यांची उदासी हलली. आठवड्यांऐवजी तास! २००६ साली १८ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात बहुतेकांना एका दिवसात फरक पडला. मात्र आठवड्यानंतर तो टिकलेले निम्म्याहून कमी होते.

ते का घडते? चीनमधील हांगचौ येथील हू हायलान यांच्या गटाने २०१८ साली उंदरांवर सुंदर काम प्रसिद्ध केले. मेंदूच्या मध्यभागी 'हॅबेन्यूला' नावाचा एक इवलासा ठिपका आहे. अपेक्षाभंग झाला की तो चेततो आणि आनंद देणाऱ्या केंद्राला गप्प करतो. नैराश्यासारखी स्थिती असलेल्या उंदरांत या ठिपक्यातल्या पेशी सुट्या ठिणग्यांऐवजी फटाक्यांच्या माळेसारख्या तडतडत होत्या. केटामीनने ती माळ थांबली. त्याच गटाला असेही आढळले की तिथल्या आधारपेशींवर एका विशिष्ट पोटॅशियम दाराची संख्या वाढली होती, आणि त्यामुळेच मज्जापेशींचा समतोल बिघडून त्या तडतडू लागल्या होत्या.

नोकरी गेली म्हणून उदासी आली की मेंदूतल्या दारांमुळे, असा वाद घरोघरी होतो. १९८२ च्या गिरणी संपानंतर ज्यांच्या हातचे काम गेले त्यांच्या घरी तर तो फार झाला असेल. या प्रयोगांकडे पाहिले की हा वाद निरर्थक वाटतो. सततचा ताण दिला की उंदरांच्या मेंदूत ही दारे बदलतात. बाहेरचे दुःख आत शिरते ते याच वाटेने. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे विसरायचे नाही.

आणखी एक अडचण आहे. स्मृतिभ्रंशावर दिले जाणारे मेमँटिन हे औषधही एनएमडीए अडवते, पण त्याने नैराश्य हटत नाही. म्हणजे दार अडवले की काम झाले, इतकेही हे सोपे नाही. केटामीनचा भाऊ एस्केटामीन हा नाकातला फवारा अमेरिकेत २०१९ साली मंजूर झाला, तोही दवाखान्यातच, फवारल्यावर दोन तास देखरेखीखाली बसवून. कारण त्याने रक्तदाब चढतो आणि आपण आपल्यापासून सुटल्यासारखे वाटते. नशेसाठी केटामीन घेणाऱ्यांची मूत्राशये खराब झाल्याचीही उदाहरणे आहेत. ओळखीच्या केमिस्टकडून मिळवून घरी घेण्याची ही वस्तू नव्हे.

बाकीची दारे

लिथियमची कथाही दाराचीच. योगायोग असा की ज्या १९४९ साली डॉ. वकिलांचा लेख आला, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचा उन्मादावरचा गुण दाखवला. कधी उन्माद तर कधी उदासी अशा आजारात ते आजही उत्तम औषध आहे. लिथियम हा सोडियमचा धाकटा भाऊबंद. तो सोडियमच्याच दाराने पेशीत शिरतो. मूत्रपिंडही त्याला सोडियमसारखेच वागवते, म्हणून आहारातले मीठ एकदम कमी झाले की शरीर लिथियम धरून ठेवते आणि रक्तातली पातळी विषारी होऊ शकते. लिथियम घेणाऱ्या घरच्या माणसाने अळणी उपवास धरू नयेत, जुलाब-उलट्या झाल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे.

फिट्सवरचे लॅमोट्रिजिन सोडियमची दारे थोडी आवळते आणि याच आजारातील उदासीच्या लाटा परतू नयेत म्हणून दिले जाते. त्याची मात्रा हळूहळूच वाढवतात. अंगावर पुरळ आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी अमेरिकेत २०२३ साली झुरॅनोलोन ही १४ दिवसांची गोळी मंजूर झाली. ती क्लोराइडचे दार अधिक उघडून मेंदूला शांत करते. आपल्याकडे अजून बाळंतिणीच्या रडण्याला 'बाहेरचे लागले' म्हणून अंगारा लावतात. एका पोटॅशियम दाराला उघडे ठेवणाऱ्या एझोगॅबिन या औषधाने २०२१ साली अमेरिकेत ४५ रुग्णांच्या चाचणीत उदासी कमी झाली. पण त्याने त्वचा निळसर पडते आणि डोळ्यांच्या पडद्यावर डाग येतात. फिट्ससाठीची त्याची विक्री तर २०१७ मध्येच थांबली होती. त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत २०२३ साली मुख्य निकषावर ठाम फरक दिसला नाही. संशोधन असेच चालते, वर्तमानपत्रातल्या मथळ्याइतके ते झटपट नसते.

"मी रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेतो, तेही कॅल्शियमचे दार अडवते म्हणतात. मग माझे मन त्याने सुधारेल का?" असे कोणी विचारील. मनाच्या काही आजारांशी कॅल्शियमच्या दाराचे एक जनुक निगडित आहे हे खरे. पण अॅम्लोडिपिन मेंदूत फारसे पोहोचत नाही. त्याचे काम रक्तवाहिन्यांवर. ते रक्तदाबासाठीच घ्यावे आणि न चुकता घ्यावे.

उलट दिशेचा संबंध मात्र ध्यानात ठेवायला हवा. हृदयही अशाच दारांवर चालते. अॅमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या, स्वस्त आणि गुणकारी गोळ्या मोठ्या मात्रेत हृदयातली सोडियमची दारे अडवतात. सिटालोप्रामची मात्रा वाढली की पोटॅशियमच्या दारावर परिणाम होऊन ठोक्यांची लय बिघडू शकते. डॉक्टर वयस्कर पेशंटला 'आधी ईसीजी काढून आणा' म्हणतात ते याचसाठी, बिल वाढवण्यासाठी नव्हे. पेशंट फार खचलेला असेल तर गोळ्यांची पाकिटे घरातल्या जबाबदार माणसाने आपल्या ताब्यात ठेवावीत आणि रोजची गोळी हातात द्यावी. लहान मुलांपासून तर ती दूर हवीतच.

विजेच्या उपचाराविषयी, ज्याला लोक 'शॉक' म्हणतात, दोनच वाक्ये. बाहेरून दिलेला विद्युतप्रवाह विजेच्या दाबावर उघडणारी दारे एकाच वेळी उघडतो, आणि तीव्र नैराश्यात हा उपचार आजही अत्यंत परिणामकारक मानला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो भुलीशिवाय देण्यास मनाई आहे, त्यामुळे हिंदी सिनेमात दिसते तसे तडफडणे यात नसते.

घरच्यांनी काय पाहावे

दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवसभर उदासी, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस नाही, झोप व भूक बिघडलेली, थकवा, लक्ष न लागणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार, यांतील बरीच लक्षणे एकत्र दिसली तर डॉक्टरकडे जावे. आपल्याकडे पुष्कळ जण "डोके दुखते, अंग दुखते, छातीत धडधडते" एवढेच सांगतात आणि तपासण्यांत पैसे घालवतात. गोळी सुरू झाल्यावर पहिले काही दिवस मळमळ किंवा बेचैनी वाटू शकते, गुण नंतर येतो. दहा दिवसांत फरक नाही म्हणून औषध सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. खरे तर पेशीला आपली दारे आणि जोडण्या बदलायला वेळ लागतो. बरे वाटल्यावरही औषध साधारण सहा महिने किंवा अधिक चालू ठेवतात, आणि थांबवताना टप्प्याटप्प्याने कमी करतात. औषधाबरोबर समुपदेशनाचाही उपयोग होतो, सौम्य आजारात तर कित्येकदा तेवढेही पुरते.

कोणी जीव देण्याची भाषा केली तर "नुसते बोलतो" म्हणून सोडून देऊ नये. त्याला एकटे ठेवू नये, सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन चोवीस तास, विनामूल्य, आणि मराठीतही बोलता येते. मुंबईत उपचार घेऊन गावी परतलेल्या पेशंटने तिथला केसपेपर आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे जपून आणावीत. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात ती दाखवली की औषध पुढे चालू ठेवणे सोपे जाते, दर महिन्याला परळची खेप करावी लागत नाही.